एकसष्ट वर्षांनी आलेला सामना आणि रिकाम्या खुर्च्या

मुंबईत ३ सप्टेंबर २०१६ रोजी भारत आणि प्युर्टो रिको यांच्यात मैत्रीपूर्ण फुटबॉल सामना झाला, तेव्हा या महानगराने राष्ट्रीय संघाला आपल्या भूमीवर खेळताना पाहिल्यास एकसष्ट वर्षे लोटली होती. त्यापूर्वीचा सामना १९५५ मध्ये कुपरेज मैदानावर झाला होता. त्यात सोव्हिएत संघाने भारतावर ३-० असा विजय मिळविला होता. तो सामना दहाव्या वर्षी वडिलांचे बोट धरून पाहणारा प्रेक्षक दुसऱ्या सामन्याच्या वेळी एकाहत्तर वर्षांचा झाला असणार. आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ही महाराष्ट्रातील प्रेक्षकासाठी किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे या एका हिशेबावरून लक्षात यावे.

राज्याचा विचार केल्यास स्थिती किंचित बरी दिसते. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडानगरीत २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात भारताने व्हिएतनामला ३-१ असे हरविले आणि तिन्ही गोल सुनील छेत्रीने केले. परंतु असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

याचे कारण स्पर्धांच्या वेळापत्रकात आहे. फुटबॉलपटू वर्षभर आपल्या क्लबचे बांधील असतात. जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, ठरवून दिलेल्या मोजक्या कालखंडांतच क्लबना आपले खेळाडू राष्ट्रीय संघासाठी मोकळे करावे लागतात. २०२५ पर्यंत मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे पाच कालखंड होते व प्रत्येकात साधारणपणे दोन सामने बसत. त्यांतील काही परदेशात होणार, हे उघड आहे. उरलेल्या सामन्यांसाठी कोलकाता, गुवाहाटी, बंगळुरू, कोची, गोवा, भुवनेश्वर अशी केंद्रे असतात. क्रिकेटमध्ये एकच पाहुणा संघ महिनाभर मुक्काम करून अनेक शहरांत खेळतो. फुटबॉलमध्ये पाहुणा संघ येतो, नव्वद मिनिटे खेळतो आणि परततो.

दुसरा प्रश्न मैदानाचा आहे. मुंबईत प्रेक्षकांसाठी मोठी मैदाने आहेत, पण ती क्रिकेटसाठी बांधलेली आहेत. नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण भव्य असले तरी त्याच्या गोलाकारामुळे खेळाची आयताकृती जागा प्रेक्षकांपासून दूर पडते. कुपरेजचा इतिहास मोठा आणि आकार लहान. त्यामुळे २०१६ मध्ये नूतनीकरण झालेले अंधेरीचे महापालिकेचे क्रीडासंकुल सोयीचे ठरले. तेथे आसने थोडी आहेत, मात्र प्रेक्षक खेळाच्या अगदी जवळ असतो. हे संकुल शहाजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले, त्यामुळे कावेरीकाठच्या मराठी भाषकालाही हे नाव परके वाटू नये.

प्युर्टो रिकोविरुद्धचा सामना प्रेक्षकांना समाधान देणारा झाला. जागतिक क्रमवारीत पाहुणा संघ ११४ व्या, तर भारत १५२ व्या स्थानावर होता. आरंभीच पेनल्टीवर पाहुण्यांनी आघाडी घेतली. त्यानंतर नारायण दास, छेत्री आणि जेजे लालपेखलुआ यांनी मध्यंतरापूर्वीच तीन गोल केले. उत्तरार्धात जॅकीचंद सिंगने चौथ्या गोलची भर घातली आणि भारत ४-१ असा विजयी झाला.

एवढ्या प्रतीक्षेनंतर मुंबईकर प्रत्येक सामन्याला गर्दी करतील, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात वेगळेच घडले. जून २०१८ मध्ये याच मैदानावर आंतरखंडीय चषक स्पर्धा भरली. १ जून रोजी भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा धुव्वा उडविला. छेत्रीने त्यात तीन गोल केले. प्रेक्षकांची नोंद मात्र २,५६९ इतकीच झाली. कर्णधाराने तीन गोल करावेत आणि टाळ्यांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच अधिक असाव्यात, हे दृश्य दूरचित्रवाणीवरही लपले नाही.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक ध्वनिचित्रफीत प्रसृत केली. तिच्यात कोणताही आविर्भाव नव्हता. युरोपातील क्लबांवर प्रेम करणाऱ्या भारतीय रसिकांना त्याने सांगितले की, आपला खेळ त्या दर्जाचा नाही हे मान्य आहे. टीका करा, नावे ठेवा, पण ती मैदानात येऊन करा. विराट कोहली आणि सचिन तेंडुलकर यांनी या आवाहनाला पाठिंबा दिला. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. पावसाळा सुरू झाला होता, पाणी साचलेल्या मैदानावर चेंडू मध्येच अडत होता आणि पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. तरीही प्रेक्षक जागचे हलले नाहीत. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भारताने तो ३-० असा जिंकला व त्यांतील दोन गोल त्याचेच होते. १० जूनच्या अंतिम सामन्यात केनियालाच २-० असे नमवून भारताने चषक मिळविला. हे दोन्ही गोल छेत्रीने केले आणि त्या वेळच्या लिओनेल मेस्सीच्या ६४ आंतरराष्ट्रीय गोलांशी बरोबरी साधली.

घरबसल्या सामना दिसत असताना मैदानात का जावे, हा प्रश्न रास्त आहे. कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो. फुटबॉलमधील बराचसा खेळ मात्र चेंडूपासून दूर घडतो. बचावफळी एका रेषेत पुढे सरकते, मध्यरक्षक मोकळी जागा हेरतो, आघाडीचा खेळाडू स्वतःला चेंडू मिळणार नाही हे जाणूनही धावत सुटतो. पायऱ्यांवर बसलेल्याला हे सारे एका नजरेत दिसते. त्याच्या आरड्याओरड्याचा परिणाम खेळावर होतो, ही गोष्ट तर पडद्यासमोर कधीच शक्य नाही.

मात्र एखाद्या ताऱ्यासाठीच तिकीट काढणाऱ्याने सावध असावे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ मुंबई सिटीविरुद्ध नेरूळला खेळला आणि २-० असा जिंकला. नेमार त्या संघाचा खेळाडू होता, पण ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो आला नाही. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाविरुद्ध अल नासर उतरला, तेव्हा क्रिस्तियानो रोनाल्डो संघासोबत नव्हता. कोणाला खेळवायचे हा निर्णय पाहुण्या क्लबचा असतो. यजमानांच्या जाहिरातफलकांवर कोणाचे छायाचित्र होते, याच्याशी त्याचा संबंध नसतो. कधी तर सामनाच होत नाही: अर्जेंटिनाचा संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये केरळात खेळणार असल्याची घोषणा झाली होती, परंतु तो आला नाही.

फातोर्ड्यावर रोनाल्डोची वाट पाहणाऱ्यांना त्या रात्री आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. दोन गोलांनी पिछाडीवर असलेल्या गोव्यासाठी ब्रायसन फर्नांडिस या स्थानिक खेळाडूने मध्यंतरापूर्वी चेंडू जाळ्यात धाडला. सामना अल नासरने २-१ असा जिंकला.