काचघराखालचं पंपगृह

स्टॉकहोमच्या दक्षिण अंगाला, हामारबी तलावाच्या काठी ‘हामारबी श्योस्ताद’ ही वस्ती राहती झाली त्याला आता पाव शतक होत आलं. एवढ्या काळात जगभरचे नगररचनाकार, महापौर, वास्तुकलेचे विद्यार्थी ती बघून गेले. यातले बरेचजण आधी लुगनेट्स आले या रस्त्यावरच्या एका लहान काचेच्या इमारतीत शिरत. तिचं नाव ‘ग्लासहूस एट’, म्हणजे काचघर क्रमांक एक. टेंगबूम या फर्मचे वास्तुकार स्टेलान फ्रिक्सेल यांनी ती रचली आणि २००२ साली ती वस्तीचं पर्यावरण माहिती केंद्र म्हणून उघडली. वस्तीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला या इमारतीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण वस्तीचं जे साधलं आणि जे हुकलं, ते दोन्ही तिच्यात दिसतं.

ही जागा पूर्वी कोणी मुद्दाम जावं अशी नव्हती. पत्र्याच्या शेडमधले छोटे कारखाने, गोदामं, तेल आणि जड धातू मुरलेली माती. सहकारी चळवळीने १९३० साली उभारलेला लुमाचा विजेच्या दिव्यांचा कारखाना तेवढा देखणा, तो राखला. शेड पाडल्या, माती स्वच्छ करून घेतली. २००४च्या ऑलिंपिकसाठी स्टॉकहोमने दावा केला होता आणि खेळाडूंचं गाव इथे वसवायचं ठरत होतं. त्या दाव्याला वजन यावं म्हणून १९९६ साली पर्यावरण कार्यक्रम मंजूर झाला: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या बांधकामांच्या तुलनेत इथला निसर्गावरचा बोजा निम्मा हवा. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक अथेन्सला गेलं. एखादा कार्यक्रम बासनात गुंडाळायला एवढं निमित्त पुरतं. इथे मात्र नगररचनाकार यान इंगे-हागस्ट्रोम यांच्या पुढाकाराने आखलेला आराखडा टिकला आणि त्याबरोबर ते निम्म्याचं उद्दिष्टही टिकलं.

खरं धाडस होतं ते खात्यांच्या पातळीवर. पाणी, ऊर्जा आणि कचरा बघणाऱ्या यंत्रणा एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. इथे घरं बांधायच्या आधीच त्यांना एकत्र बसवून एकच चक्र आखायला लावलं. सांडपाणी हेन्रिक्सडालच्या खडकात कोरलेल्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं. गाळापासून बायोगॅस होतो, तो बसगाड्यांना आणि वस्तीतल्या सुमारे हजार घरांच्या शेगड्यांना पुरवायचा. शुद्ध झालेल्या पाण्यातली ऊब उष्णता केंद्रात काढून घ्यायची आणि नळांवाटे घरं तापवायला परत आणायची. जळाऊ कचऱ्यापासून हॉग्डालेनच्या केंद्रात वीज आणि उष्णता. अंगणात उभ्या असलेल्या तोंडांतून कचरा टाकला की जमिनीखालच्या नळांतून हवेच्या ओढीने तो वस्तीच्या कडेला जाऊन पडतो, त्यामुळे कचऱ्याच्या गाडीला आत फारसं यावं लागत नाही. (तशी यंत्रणा आता गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतही आहे.) पावसाचं पाणी गटारात न सोडता अंगणांतल्या उघड्या पन्हळींतून, पायऱ्यापायऱ्यांनी कालव्याकडे वाहू दिलं.

आता काचघर. मोक्याच्या जागी लोकांसाठी इमारत बांधायची आणि मैल्याचा पंप, विजेचं उपकेंद्र कुठेतरी कुंपणाआड ढकलायचं, ही सगळीकडची रीत. इथे तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणल्या. वर प्रदर्शन आणि बैठकीची जागा, तर वस्तीचं सांडपाणी पुढे रेटणारं पंपगृह आणि वीज वाटणारं उपकेंद्र त्याच इमारतीच्या पोटात. भिंत दुहेरी काचेची, मधल्या पोकळीत हवा. थंडीत ती ऊब धरते, उन्हाळ्यात बाहेर सोडता येते. शिवाय सौर पट्ट्या, बायोगॅसवरचा बॉयलर आणि हायड्रोजनवर वीज करणारा इंधन घट. माहिती केंद्र चालवण्यात महापालिकेबरोबर पाणी आणि ऊर्जा पुरवणाऱ्या कंपन्याही सामील होत्या.

यातला इंधन घट आणि काचेची भिंत बघायला लोक येत, फोटोही त्यांचेच काढत. माझ्या मते त्या इमारतीतला सर्वांत शहाणा निर्णय पंपाचा होता. यंत्रं दहा-पंधरा वर्षांत मागे पडतात. तेव्हाचा इंधन घट आज कोणाला नवलाचा वाटणार नाही. आपण फ्लश ओढल्यावर पुढे काय होतं, ते जिथे होतं त्याच ठिकाणी उभं राहून ऐकायला मिळणं, हे मात्र शिळं होत नाही. सार्वजनिक इमारतीने शहराच्या पोटातलं काम पाहुण्यांपुढे आणावं, हा धडा मला छपरावरच्या सौर पट्ट्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

हुकलं काय, तेही तितकंच शिकवणारं आहे. घरांनी दर चौरस मीटरला वर्षाला ६० किलोवॅट-तासांत भागवावं, असं उद्दिष्ट होतं. सुरुवातीच्या अनेक इमारतींनी ते बरंच ओलांडलं. एक मोठं कारण तलावच. पाण्याकडे तोंड केलेली घरं म्हटल्यावर मोठ्या खिडक्या आल्या, आणि स्वीडनच्या हिवाळ्यात उष्णता तिथूनच निसटते. पाण्याचा वापर माणशी दिवसाला २०० लिटरवरून १०० वर आणायचा होता, तो दीडशेच्या आसपास थांबला. ही घट छोटी नाही. पण ती मुख्यतः कमी पाणी लागणाऱ्या नळांची आणि कमोडची करामत. लोक माहिती वाचून आपल्या सवयी बदलतील, ही काचघरामागची आशा तेवढी फळली नाही.

आणखी एक अंदाज चुकला, आणि तो लोकांच्या इमारतींशी थेट जोडलेला आहे. मुलं मोठी झालेली, बंगला विकून फ्लॅटमध्ये येणारी जोडपी इथे राहायला येतील असं धरून नियोजन झालं होतं. आली ती लहान मुलांची कुटुंबं. बालवाड्या आणि शाळा कमी पडल्या, गाड्या उभ्या करायला जागा हवी अशी मागणी झाली आणि ती वाढवूनही द्यावी लागली. मला हे वाचताना राहून राहून वाटतं, की येणाऱ्या पाहुण्यांसाठी केंद्र वेळेवर उभं राहिलं आणि राहणाऱ्यांच्या पोरांची सोय मागून झाली. २००२ सालीच ट्रामही सिक्ला ऊद्देपर्यंत पोचली आणि तलावापलीकडे नेणारी फेरी फुकट ठेवली. ते मात्र अगदी योग्य वेळी झालं, कारण माणूस एकदा गाडी वापरायला लागला की सुटत नाही.

स्टॉकहोमला २०१० साली युरोपची पहिली हरित राजधानी हा मान मिळाला तेव्हा श्योस्तादचा दाखला ठळकपणे दिला गेला. पण वस्तीतल्याच काही रहिवाशांना एवढ्यावर समाधान नव्हतं. २०११च्या सुमारास त्यांनी स्वतःच वस्तीच्या नूतनीकरणाची चळवळ सुरू केली. पुढे ती ‘इलेक्ट्रिसिटी’ या नावाने ओळखली गेली. गृहनिर्माण सोसायट्यांनी आपापली बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहायची, गळती शोधायची, हीटिंगची यंत्रणा नीट जुळवून घ्यायची, गाड्यांसाठी चार्जिंग बसवायचं, अशी कामं त्यांनी हाती घेतली. प्रदर्शनातल्या फलकांनी जे साधलं नाही, ते शेजाऱ्याच्या बिलाने थोडंफार साधलं.

महापालिकेनेही आपला धडा घेतला. पुढची मोठी वस्ती, नोर्रा यूरगोर्ड्सस्ताडेन, आखताना ऊर्जेची मर्यादा दर चौरस मीटरला ५५ किलोवॅट-तासांवर आणली आणि घरं राहती झाल्यावर प्रत्यक्ष किती खर्च होतो, ते मोजून दाखवायची अट बिल्डरांना घातली.