बॉनेटखालची पांढरी भुकटी

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मन’चं पातेलं म्हणायची रीत. तेच जर्मन गाडीच्या बॉनेटखालीही असतं: अल्टरनेटरचं कव्हर, थर्मोस्टॅटचं हाउसिंग. ते लोखंडासारखं तांबूस गंजत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच धातूला जपतो. बॅटरीचं ॲसिड, खारं पाणी किंवा जुना कूलंट हा थर खातो, तेव्हा पांढरी भुकटी धरते. थर्मोस्टॅटवरचा रबरी पाइप ओढून पाहा. कडेला चुन्यासारखी पापडी असते, आणि कूलंट झिरपतो तो बहुतेकदा तिथूनच.

साफ करायला इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, हातमोजे-चष्मा घाला. नायलॉनचा किंवा मऊ पितळी ब्रश चालतो. लोखंडी तारेची घासणी अजिबात नको. तिचे कण धातूत रुततात आणि पुढे तेच गंजतात. बॅटरीशेजारच्या डागावर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावा, फेस थांबला की लगेच धुवा. बाकी डागांना पाणी घातलेलं व्हिनेगर पुरतं. धुण्याचा सोडा आणि संडास धुवायचं ॲसिड मात्र लांबच ठेवा, दोन्ही ॲल्युमिनियमलाच विरघळवतात.

जळगाव असो की धुळे, उन्हाळ्यात रेडिएटरची पातळी उतरली की हाताशी येतं बोअरचं जड पाणी. ते घालू नका. त्यातले क्षार आतून धातू पोखरतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कूलंटमध्ये मिसळा. गॅरेजवाल्याकडे ते सहज मिळतं.