आमचा मेंढ्यांचा वाडा

आमचे गाव ढवळपुरी, तालुका पारनेर. इथे पाऊस कमी नि जमीन हलकी. म्हणून माळावर धनगर समाज मेंढ्या पाळत आला. आमचे घर त्यातलेच. अहिल्यादेवी होळकर आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५ चा. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले.

आमची मेंढी दख्खनी. अंगाने लहान, लोकर राठ. ती ऊन सोसते, लांब चालते, पण कोकणचा पाऊस तिला मानवत नाही. म्हणून पावसाळा देशावर काढायचा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून माळशेज घाट उतरायचा आणि मिरगाच्या आत परत फिरायचे. चार-पाच घरे मिळून एक वाडा होतो. भात निघालेल्या खाचरात रात्री वाघर लावून मेंढ्या बसवतात. सकाळपर्यंत रानात खत पडते. शेतकरी त्याबद्दल धान्य देत. आजोबा म्हणतात, "तवा लोक आमची वाट बघायचे." पुढे युरियाच्या गोण्या आल्या.

कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ. सणगर लोक लोकर पिंजून, कातून, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत. गिरणीच्या ब्लँकेटांपुढे ती मागे पडली. आता लोकरीच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही. कातरली की टाकून द्यायची! मला याचे फार वाईट वाटते.

चाऱ्याचे तर विचारूच नका. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कॅनॉलच्या भागात ऊस वाढला, पडीक रान गेले. इकडे राळेगणसिद्धी, हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी केली. तिथे विहिरींना पाणी आले, हे चांगलेच झाले. पण डोंगर बंद म्हटल्यावर मेंढी चारायची कुठे? माझ्या मते थोडे थोडे रान आळीपाळीने मोकळे ठेवावे.

वाड्याबरोबर पोरे गेली की शाळा बुडते. ताईची शाळा अशीच सुटली. मी आजीपाशी राहतो म्हणून शिकतोय. थोरल्या चुलत्यांनी गेल्या साली खांड विकले नि सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागले. आता वाड्यात दोनच बिऱ्हाडे उरली. लांडगा आणि चोर यांच्यामुळे रात्रभर राखण लागते. ती दोन घरांना निभत नाही. म्हणून यंदा कोकणात उतरायचे की नाही, याचे घरात बोलणे चालले आहे.