आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत?

काही वर्षांपूर्वी माझ्याच एका शोधनिबंधातील आलेख पुन्हा काढायला बसलो, तर आकडे जुळेनात. मोजमापांची फाइल सुधारलेली होती, आज्ञावली मात्र जुनीच! दोन्ही दुरुस्त्या एकाच दिवशी केल्या होत्या. नोंद झाली होती एकीचीच. असे का झाले?

फाइलींमधील बदलांचा इतिहास ठेवणारी 'गिट' ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केली. तिच्यात नोंद दोन पायऱ्यांनी होते. 'गिट अ‍ॅड' या आज्ञेने बदल निवडायचे आणि 'गिट कमिट'ने ते नोंदवायचे.

आज्ञा देताना आपण कोणत्या तरी एका फोल्डरमध्ये असतो. त्याला चालू फोल्डर म्हणू. तेथे इतिहासाचे '.गिट' हे लपलेले फोल्डर नसेल, तर गिट एकेक पायरी वर चढत ते शोधते. ते जेथे सापडते, तो प्रकल्पाचा माथा. म्हणूनच कोणत्याही उपफोल्डरमधून आज्ञा चालतात.

पण सर्व आज्ञांची नजर सारखी नसते. 'गिट स्टेटस' साऱ्या प्रकल्पाची स्थिती सांगते. 'गिट अ‍ॅड .' मधील टिंबाचा अर्थ मात्र 'चालू फोल्डर व त्याखालचे सारे' एवढाच. मुख्याध्यापकांकडे साऱ्या शाळेचा पट असतो. वर्गशिक्षक हजेरी घेतात ती आपल्या वर्गापुरती. मी मोजमापांच्या फोल्डरमध्ये उभा होतो. शेजारच्या फोल्डरमधील आज्ञावली त्या हजेरीत आलीच नाही.

अशा बाबतीत नियमही बदलतात. 'गिट अ‍ॅड -ए' ही आज्ञा पूर्वी चालू फोल्डरपुरतीच चाले. २०१४ मधील २.० या आवृत्तीपासून ती सारा प्रकल्प पाहते. 'सबव्हर्जन' या आधीच्या प्रणालीत तर उपफोल्डरमधून केलेली नोंदही तेवढ्यापुरतीच होते.

हे स्वतः करून पाहा. एका प्रकल्पात गणित व विज्ञान अशी दोन फोल्डर करा (नावे रोमन लिपीत द्या). प्रत्येकात एक फाइल ठेवून दोन्हींची नोंद करा. मग दोन्हींत बदल करून गणिताच्या फोल्डरमधून 'गिट अ‍ॅड .' द्या आणि 'गिट स्टेटस' पाहा. विज्ञानाची फाइल न निवडलेल्यांच्या यादीत दिसेल. तिच्या नावाआधीची दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर'.

ती यादी मी त्या दिवशी वाचली असती, तर आलेख चुकला नसता. नोंद करण्यापूर्वी 'गिट स्टेटस' वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावावी.