ऑर्केस्ट्राचा हंगाम आणि आपली मुले

आमच्या मानोऱ्यात ऑर्केस्ट्रा म्हटले की एप्रिल महिना आठवतो. जयंतीचा मंडप, स्टेजवर गायक-गायिका, बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि समोर सतरंजीवर पोराबाळांसह बसलेली अख्खी वस्ती. हंगाम म्हटला तर तो सोयाबीन-तुरीचा. परंतु मुंबईत एक वेगळा ऑर्केस्ट्रा आहे आणि त्याचाही हंगाम असतो. आपल्या घरातील मुलांना त्याची ओळख व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईला नरिमन पॉइंटवर समुद्राच्या काठी 'एन.सी.पी.ए.' ही कलासंस्था आहे. तेथे 2006 साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला. संस्थेचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे संस्थापक. वर्षातून त्याचे दोन हंगाम होतात. एक साधारण फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे रमाई जयंतीच्या दिवसांत. दुसरा सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते तेव्हा.

सिम्फनी ही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातील मोठी रचना, बहुधा चार भागांची. भाग संपला की टाळ्या वाजवायच्या नसतात, सगळी रचना संपल्यावर वाजवायच्या. सत्तर-ऐंशी वादक अर्धवर्तुळात बसतात. पुढे व्हायोलिन व त्याच कुळातील मोठी वाद्ये, मध्ये बासरी, ओबो, क्लॅरिनेट, त्यामागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. वाचकहो, यातली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आपल्याला परकी नाहीत. आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांच्या हातात तीच असतात.

सर्वांत मागे टिंपनी नावाचे मोठे नगारे असतात. पूर्वी त्यांवर वासराचे कातडे चढवीत. ते वाजवणारा वादक व्हायोलिनवाल्याच्याच मानाचा. हे वाचताना आमच्या मनात डफडे आल्यावाचून राहिले नाही. कातडे मढवणारा आणि वाजवणारा अस्पृश्य, आणि त्याच्या तालावर नाचणारा मात्र शुद्ध, असा आपल्या गावगाड्याचा न्याय होता. वाजवणे ही कला न राहता ते गावकीचे काम झाले. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी अनेक गावांत ते वाजवणे सोडले, आणि योग्यच केले. सोडली ती लाचारी. संगीत सोडावे असे त्यांच्या मनात कधीच नव्हते. नाहीतर जलसे आणि भीमगीते जन्माला आलीच नसती. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. एवढ्या कामाच्या रगाड्यात त्यांना त्यासाठी वेळ काढावासा वाटला, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

ऑर्केस्ट्राच्या जगातही भेदभाव कमी नव्हता. 1842 पासून चालत आलेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने 1997 पर्यंत स्त्रीला पूर्ण सभासदत्व दिले नव्हते. अमेरिकेत 1969 साली दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध भेदभावाची तक्रार केली. पुढे अमेरिकेतील अनेक ऑर्केस्ट्रांनी उमेदवाराची परीक्षा पडद्याआड घेण्याची पद्धत स्वीकारली. परीक्षकांना वादक दिसत नाही, नाव कळत नाही, फक्त सूर ऐकू येतो. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हेही कळू नये, म्हणून काही ठिकाणी खाली गालिचा अंथरीत. त्यानंतर स्त्रियांची संख्या वाढली. बंधू-भगिनींनो, आडनाव विचारून मग माणसाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या समाजाला हा पडदा बरेच काही शिकवून जातो.

मात्र पडद्यामागे उभे राहायला आधी वाद्य हाती यावे लागते. खरी अडचण तिथेच आहे. मुंबईच्या या ऑर्केस्ट्रात सुरुवातीपासून परदेशी वादकांचा भरणा मोठा राहिला, कारण ही वाद्ये त्या दर्जाने वाजवणारे आपल्याकडे थोडे. म्हणून 2012 साली लहान मुलांसाठी संगीत अकादमी काढण्यात आली. ती मुंबईत. मानोऱ्याच्या मजुराच्या मुलीने तिथवर पोचायचे कसे?

मुंबई आपल्याला नवी नाही. एस.टी.ने मूर्तिजापूर किंवा अकोला गाठून पुढे रेल्वेने आपण 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जातोच. पण सुरुवात घरापासून व्हावी. सनटूक-बिसेनगालिएव्ह यांच्या ऑर्केस्ट्रासोबत 2015 साली झाकीर हुसेन यांनी 'पेशकार' ही स्वतःची रचना वाजवली. त्यात आपला तबला सर्वांच्या पुढे होता आणि व्हायोलिने त्याच्या साथीला. अशी एखादी रचना मोबाईलवर लावा. स्वयंपाक चालू असताना चालेल. मुलांना विचारा, आता कोणते वाद्य वाजले? कान असाच तयार होतो.

आणि जयंती मंडळांना आमची एक विनंती आहे. डी.जे.चे भाडे एका रात्रीत हवेत विरते. शिकाऊ व्हायोलिन काही हजारांत येते. यंदाच्या वर्गणीतून एक व्हायोलिन आणि एक क्लॅरिनेट घ्या, विहारात ठेवा. बँडमधल्या एखाद्या जाणत्या वादकाला मान देऊन, योग्य मानधन देऊन शिकवायला बोलवा. वाद्य ज्याला जमेल त्याच्या हाती द्या, मग ते पोर वर्गणी देणाऱ्याचे असो वा नसो. मुली मागे राहणार नाहीत एवढे मात्र पाहा.