कुत्रीची खोटी गर्भधारणा : घाबरू नका, पण दूध काढू नका



या सदरात मी नेहमी गुडघेदुखी, साखर, रक्तदाब यांवर लिहिते. या वेळी विषय कुत्रीचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरीधंद्यासाठी दूर गेली, आणि घरात सोबतीला उरले ते एखादे कुत्रे. त्याला बरे नसले की आपलाही घास घशाखाली उतरत नाही. म्हणून हा विषय आपल्या आरोग्याचाही आहे.

मागच्या हिवाळ्यात मी शिकागोला माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे दोन महिने राहिले. त्यांचे घर डेव्हन ॲव्हेन्यूच्या जवळ, एका गल्लीत आहे. हा रस्ता मोठा मजेचा. एका भागात साड्यांची, मिठाईची आणि वाण्याची दुकाने, तिथे ‘गांधी मार्ग’ अशी पाटी. आणखी पश्चिमेला चालत गेले की ‘गोल्डा मेयर बुलेवार्ड’ची पाटी. आपल्या माणसाला दोन्ही पाट्या घरच्याच वाटतात.

जाऊबाईंची कुत्री मैना चार वर्षांची, लहान चणीची आणि स्वभावाने गरीब. एका शुक्रवारी ती पलंगाखाली शाल ओरबाडून बसली. पोटाशी एक लोकरी मोजा आणि नातवाचे कापडी कोकरू. जेवण सोडलेले, सारखी कुंई कुंई चाललेली. नातवाने कोकरू घ्यायला हात घातला तर अंगावर गुरगुरली आणि दात दाखवले. हात वाचला एवढेच.

पाहते तो तिची आचळे सुजलेली आणि त्यांतून दूध येत होते.

‘‘अगं, ही गाभण कशी राहील? एकटी कधी दाराबाहेर गेली नाही!’’ जाऊबाई म्हणाल्या.

पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘काकू, कुत्री बिघडली. घरात लहान मुलं येतात. कुणाला तरी देऊन टाकू.’’ जाऊबाईंच्या कानावर ते गेलेच. शब्बाथचे दिवे लावून झाल्यावर त्या नुसत्या बसून राहिल्या. भावजी गेल्यापासून त्या घरात त्यांच्याशिवाय दुसरा श्वास मैनाचाच आहे.

माझी चूक

माझी उमर बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. छाती भरून आलेल्या बाईला आम्ही गरम पाण्याचा शेक द्यायचो आणि थोडे दूध काढायचो. तेच मी मैनाला केले. दोन दिवस शेकले, हलक्या हाताने दूध काढले. तिसऱ्या दिवशी आचळे आणखी भरली!

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पोटात पिल्ले नाहीत याची खात्री केली. मग मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही दूध काढलंत, शरीराला वाटलं पिल्लं पिताहेत. त्यानं आणखी केलं.’’

मला लाज वाटली, कारण हे मला ठाऊक होते. ज्या आईचे बाळ दगावते तिलाही दोनतीन दिवसांनी दूध येतेच. शरीराला बातमी उशिरा कळते. त्या आईला आम्ही शेक देत नसू, दूध काढत नसू. छातीला आधार देऊन थंड पट्ट्या ठेवायचो. दूध जितके काढाल तितके येते, न काढल्यास हळूहळू आटते. मैनाची गोष्ट त्या आईसारखी होती, हे माझ्या वेळेवर ध्यानात आले नाही.

हे का होते?

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. त्यानंतर नराशी संबंध येवो न येवो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने भरपूर राहते. कुत्रीचे गाभणपणही सुमारे 63 दिवसांचेच. म्हणजे पिल्ले असोत वा नसोत, तिच्या शरीराची तयारी जवळजवळ सारखीच चालते. शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरते आणि प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते. त्यानेच दूध येते आणि आईची मायाही दाटून येते. म्हणून माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी बहुधा ही लक्षणे दिसतात: बिछाना उकरणे, खेळणे पिल्लासारखे सांभाळणे, जवळ आलेल्यावर गुरगुरणे, अन्न टाकणे, दूध येणे.

बायकांचे तसे नसते. गर्भ राहिला नाही की साधारण दोन आठवड्यांत संप्रेरके उतरतात आणि पाळी येते. बायकांतही खोटी गर्भधारणा होते, पण ती क्वचित. इंग्लंडची राणी मेरी हिच्या बाळंतपणाची 1555 साली सारा दरबार महिनोन् महिने वाट पाहत होता. बाळ आलेच नाही. कुत्र्यांत मात्र हा प्रकार नेहमीचा आहे. कुत्री नाटक करत नाही आणि बिघडलेलीही नसते. तिला रागावू नका, हसूही नका.

घरी काय करावे?

1. आचळे दाबू नका, शेकू नका, चोळू नका. दूध आहे का हे पाहायलाही सारखा हात लावू नका.

2. ती स्वतः चाटत असेल तर तेही थांबवा, कारण चाटण्यानेही दूध वाढते. लहान मुलाचा जुना बनियन अंगात घालावा किंवा डॉक्टरांकडून गळ्यात घालायचा शंकू आणावा.

3. ‘पिल्लू’ म्हणून धरलेली वस्तू तिच्या तोंडातून ओढू नका, चावेल. ती फिरायला गेली की मागे दुसऱ्याने उचलून ठेवावी. तोवर मुलांना तिच्या बिछान्याजवळ जाऊ देऊ नये.

4. फिरणे वाढवा. थंडी असली तरी आम्ही मैनाला रोज एक फेरी जास्त घडवली. मन दुसरीकडे गेले की ती पलंगाखाली कमी जाते.

5. बाळंतिणीसारखे लाड नकोत. जाऊबाई तिला दूध आणि शिरा देऊ लागल्या होत्या. नेहमीचेच अन्न द्या. पाणी मात्र कधीही तोडू नका.

6. आपल्या डब्यातल्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. आचळांना बामही लावू नका. ती चाटून पोटात घेते.

बहुतेक कुत्र्या दोनतीन आठवड्यांत आपोआप सावरतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टर कॅबरगोलीन हे औषध देतात. ते प्रोलॅक्टिन कमी करते. बायकांचे दूध थांबवायलाही वापरतात. पण कुत्रीची मात्रा तिच्या वजनावर असते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने प्रोलॅक्टिन वाढते.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या

एखादे आचळ गरम, लाल, दगडासारखे कडक झाले, त्यातून पू किंवा रक्त आले, किंवा ताप आला तर थांबू नका. कुत्री एकदम मलूल झाली, फार पाणी पिऊ लागली, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा मागून घाण वासाचा स्राव आला, तर गर्भाशयात पू झाला असेल. हा आजारही माजानंतरच्या याच आठवड्यांत होतो आणि जीव घेतो. कधी कधी स्राव बाहेर दिसतच नाही. ‘मागच्यासारखेच खोटे गाभणपण असेल’ म्हणून घरी बसू नका. मुंबईकरांना परळचे बैलघोडा इस्पितळ ठाऊकच आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

‘एकदा व्याली की बरी होईल’ हा समज खरा नाही. पुढच्या माजानंतर पुन्हा होऊ शकते. कायमचा उपाय म्हणजे बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया. पण ती दूध येत असताना करू नये, त्याने त्रास लांबू शकतो. सगळे शांत झाल्यावर करावी.

जाऊबाईंनी विचारले, ‘‘आपल्या धर्मात हे चालतं का?’’ जनावराचे खच्चीकरण आपल्याकडे निषिद्ध मानतात. मादीचे काय, आजारासाठी केले तर काय, हे मी नर्स काय सांगणार? रब्बींना विचारा. मात्र विचारताना डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगा. मुक्या जनावराचे दुःख दूर करावे, हेही आपल्याच धर्माचे सांगणे आहे.

मैनाला औषध आठवडाभर दिले. बाराव्या दिवशी सकाळी ती आपला पट्टा तोंडात धरून दाराशी उभी राहिली. मोजा पलंगाखाली तसाच पडला होता. पुढच्या शुक्रवारी नातू आला, तर ती त्याच्या पायाशी झोपली. देऊन टाकण्याची गोष्ट पुतण्याने पुन्हा काढली नाही.

जाऊबाई आता मैनाच्या माजाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात आणि तिथून सहा आठवडे मोजून दुसरी खूण करतात. तुमच्या घरी कुत्री असेल तर एवढे आजच करा.