हिमवादळातली वीज

वीज म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? वैशाखातली तापलेली दुपार, पश्चिमेला चढत जाणारा काळा ढग आणि मग वळवाची सर. कडाक्याच्या थंडीचा आणि विजेचा संबंध आपण सहसा जोडत नाही. पण जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील कानाझावा शहरात विचाराल, तर विजांचा हंगाम म्हणजे हिवाळा, असेच उत्तर मिळेल. जपानातील मोठ्या शहरांत वर्षाकाठी सर्वाधिक दिवस गडगडाट ऐकू येतो तो याच शहरात, आणि त्यांतले बरेच दिवस थंडीतले असतात. बाहेर हिम पडत असते आणि मध्येच लखकन वीज चमकते! त्या बाजूचे कोळी या गडगडाटाला ‘बुरीओकोशी’, म्हणजे बुरी माशाला जागे करणारा, असे म्हणतात. कारण त्याच सुमारास बुरी मासे जाळ्यात सापडू लागतात.

हिम आणि वीज एकत्र कशी? हे समजण्यासाठी आधी आपल्या वळवाच्या ढगातच डोकावू या. खाली कितीही उकडत असले, तरी त्या ढगाच्या वरच्या भागात तापमान शून्याखाली असते. तेथे हलके हिमकण असतात, साबुदाण्यासारख्या मऊ गारा असतात आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्यात हिमकण आणि गारा एकमेकांवर आदळतात. तापमान उणे १० ते १५ अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर या टकरीत गारांना ऋण आणि हिमकणांना धन विद्युत्‌भार मिळतो. हलके हिमकण वर जातात, जड गारा खाली राहतात. भार असे वेगळे झाले की विजेची तयारी झाली. म्हणजे विजेसाठी उन्हाळा लागत नाही; लागतो तो बर्फ आणि जोराने वर चढणारी हवा.

हिवाळ्यातल्या बहुतेक हिमढगांत बर्फ असतो, पण हवा संथपणे वर चढते, म्हणून वीज होत नाही. जपानच्या समुद्रावर मात्र निराळेच घडते. सैबेरियावरून येणारे बोचरे वारे या समुद्रावरून जातात. तेथे त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह वाहतो. खालून ऊब आणि बाष्प, वर अतिथंड हवा. त्यामुळे हवा उसळून वर चढते. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या काठीही कधी कधी याच रीतीने हिमवर्षावात विजा चमकतात.

पण हा ढग बुटका असतो. वळवाचा ढग १२ किलोमीटरांहूनही उंच जातो. जपानचा हिमढग साधारण पाच-सहा किलोमीटरांवर थांबतो. उन्हाळ्यात उणे १० अंशांची पातळी पाच-सहा किलोमीटर उंचीवर असते, तर येथे ती जमिनीपासून अवघ्या एक-दोन किलोमीटरांवर येते. साहजिकच विद्युत्‌भारही जमिनीजवळ येतो. त्यामुळे उंच मनोरे व पवनचक्क्या यांच्या टोकांपासून वीज उलटी, खालून वर जाते. विजांची संख्या थोडी, पण त्यांतल्या काही फार प्रबळ असतात.

ढगाच्या याच बुटकेपणामुळे एक मोठा शोध लागला. ढगातल्या तीव्र विद्युत्‌क्षेत्रात काही इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात आणि त्यांच्यापासून गॅमा किरण निघतात. हवा हे किरण शोषून घेते, त्यामुळे उंच ढगातले किरण जमिनीवर पोचत नाहीत. बुटक्या ढगातले पोचतात! ६ फेब्रुवारी २०१७ रोजी काशिवाझाकी येथे वीज चमकली. तेथील अणुवीज केंद्राच्या आवारात क्योतो विद्यापीठाचे तेरुआकी एनोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणमापक ठेवले होते. केंद्र तेव्हा बंद होते. विजेसरशी गॅमा किरणांचा झोत आला आणि त्यानंतर सुमारे मिनिटभर ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण येत राहिले.

ही ऊर्जा म्हणजे जणू पॉझिट्रॉनची सहीच. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि नेमक्या याच ऊर्जेचे किरण निघतात. पण पॉझिट्रॉन आले कोठून? विजेतल्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजन-१४ च्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन उडवला होता. उरलेला नायट्रोजन-१३ किरणोत्सारी असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १० मिनिटे. पॉझिट्रॉन बाहेर टाकून तो कार्बन-१३ बनतो. वीज अणुकेंद्रही बदलू शकते, ही शास्त्रज्ञांची जुनी शंका होती. तिचा स्पष्ट पुरावा असा हिमवादळात मिळाला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पडणारे हिम आवाज शोषून घेते. एरवी गडगडाट १५ किलोमीटरांवरूनही ऐकू येतो. हिमात तो तीन-चार किलोमीटरांतच विरतो. म्हणून हिमवर्षावात गडगडाट ऐकू आला, तर वीज अगदी जवळ आहे असे समजून लगेच पक्क्या घरात शिरावे. हिमालयात सहलीला जाल तेव्हा हे विसरू नका.

आणि येत्या वळवात घरात बसून एक मोजमाप करा. लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा व तीनने भागा. विजेचे अंतर किलोमीटरांत मिळेल. घामाच्या धारा लागलेल्या असताना ही वीज घडवणारा बर्फ आपल्या डोक्यावरच आहे, हेही तेव्हा आठवा.